कट् वाजलं का थांबायचं

वहिनी, तुम्हाला नागपूरहून घरी आणत होतो तेव्हा भिवापूर सोडल्यावर गाडी पंक्चर झाली. मागचं डावं चाक. तुम्ही आत होतात, पांढऱ्या चादरीत. तुमची जाऊ सुनंदा तुमच्या पायाशी बसली होती आणि मी पुढे, चालकाच्या शेजारी. सकाळचं ऊन चढायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि बांधावर उभी एक बाई शववाहिका पाहून पदर सावरत होती.

चालक तरुण होता. झोप झालेली दिसत नव्हती. त्यानं स्टेपनी काढली, जॅक लावला, चाक बदललं आणि नट आवळायला पान्यावर पाय देऊन उभा राहिला.

"पाय नको देऊ बाबा," मी म्हटलं.

"काऊन जी?"

"स्टड ताणते. हातानं कर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे पाहिलं. "घ्या काका, तुमीच करा. आता कोनाले घाई आहे," म्हणाला आणि पाना माझ्या हातात दिला.

मी स्टडवरचे त्याचे आवळलेले नट पुन्हा सैल केले. गाडी थोडी उचलून सगळे आधी बोटांनी बसवले, मग एक इकडचा, एक समोरचा असे पान्यानं धरले. जॅक उतरवला आणि चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचं आवळलं. ठरलेल्या जोरावर कट् वाजणारा तुमचा टॉर्क पाना ब्रह्मपुरीला दुकानात होता. त्यामुळे हाताला जेवढं कळतं तेवढ्यावर भागवलं. नागभीडला चहाच्या टपरीपाशी मी गाडी पुन्हा थांबवायला लावली आणि सगळे नट एकदा तपासले. एक नट जरासा फिरला. बाकीचे जागच्या जागी होते.

"तुमी रोजच असं करता का?" चालकानं विचारलं.

"आमच्या घरी करतात," मी म्हटलं.

सुनंदा आतून हसली. मग तिला रडू आलं. नागपूर सोडल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

हे मी आधी सांगितलं, कारण बाकीचं सगळं लोक सांगून राहिले आहेत. भेटायला येणारा प्रत्येक जण तुमच्या त्या पान्याबद्दल बोलतो. एकानं मला अगदी हळू आवाजात विचारलं, "नामदेव भाऊंच्या गाडीचं चाक निघालं होतं ना? म्हणूनच वहिनी एवढ्या कडक होत्या." मी सांगितलं, दादा काविळीनं गेला. त्याच्याकडे चारचाकी कधीच नव्हती. त्या माणसाचा चेहरा उतरला. लोकांना कारण लागतं. बाईमाणूस नटबोल्टमध्ये एवढा जीव घालते, म्हणजे मागे काहीतरी दुःख असलंच पाहिजे, असं त्यांना वाटतं. मीही एकदा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हातातलं फडकं झटकलंत आणि म्हणालात, "मले आवडते जी ते काम. नीट बसलेलं चाक मले आवडते." 

दादा गेल्यावर घुग्घुसच्या खाणीत त्याच्या जागी तुम्हाला घेतलं, तेव्हा आमच्या घरात कोणाला वाटलं नव्हतं की तुम्ही टिकाल. आई म्हणाली होती, महिनाभरात परत येईल. तुम्हाला आधी वर्कशॉपमध्ये झाडलोट आणि पाणी भरायचं काम मिळालं. पुढे हत्यारं द्यायच्या-घ्यायच्या खिडकीवर बसवलं. कोणता पाना कशाला लागतो हे विचारता विचारता तुम्ही फिटर लोकांच्या मागे उभ्या राहायला लागलात, आणि मग एक दिवस त्यांनीच तुमच्या हातात डंपरच्या चाकाचा पाना दिला. सुट्टीत घरी आलात की केसांच्या मुळांशी कोळशाची धूळ असायची. सुनंदा न्हाऊ घालायची आणि तुम्ही डोकं खाली घालून चाकांच्या गोठी सांगायच्या. आम्हाला त्यातलं अर्धं कळायचं नाही.

निवृत्तीच्या दिवशी तिथल्या माणसांनी शाल-श्रीफळाची तयारी केली होती. तुम्ही म्हणालात, शाल घरी आहे, मला टॉर्क पाना द्या. त्यांनी वर्गणी करून नवीन आणला, लहान गाड्यांना चालेल असा. लाल डब्यातला तो पाना मांडीवर घेऊन तुम्ही बसनं ब्रह्मपुरीला आलात. स्टँडवर मी घ्यायला आलो, तर पिशव्या माझ्याकडे दिल्यात आणि डबा स्वतःकडे ठेवलात.

माझं टायरचं दुकान तेव्हा बरं चाललं होतं. नट आवळायची हवेवरची गन होती. घर्र केलं की नट बसला. दोन-चार दिवस तुम्ही खुर्चीवर बसून पाहिलंत. मग मी बसवलेल्या एका चाकावर तुमचा पाना लावून पाहिलात. गनचे नट इतके घट्ट होते की पाना लावल्या लावल्या कट् वाजला. त्यानं फक्त एवढंच कळत होतं की नट कमीतकमी तेवढा आवळलेला आहे. वर किती गेला ते कळायला मार्ग नव्हता. तुम्ही गाडीसोबत आलेला छोटा पाना डिक्कीतून काढलात आणि गाडीच्या मालकिणीला म्हणालात, "बाई, हा नट खोला."

ती आरोग्य केंद्रातली सिस्टर होती. कुरखेड्याच्या बाजूला एकटी गाडी घेऊन जायची. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. नट हलला नाही.

"आता जंगलात पंक्चर झाली तर तुमी काय करसाल?" तुम्ही तिला विचारलंत. पण पाहत माझ्याकडे होतात.

मला राग आला होता. पण त्या दिवसापासून गन नुसती नट धरायला वापरायची, शेवटचं आवळणं पान्यानं, असं ठरलं. ठरलं म्हणजे तुम्ही ठरवलंत. लहान गाडीला साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, पण गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा लावायचा. चाक जिथे बसतं त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा. आट्यांना तेल लावायचं नाही. चाक जमिनीवर टेकलेलं असताना पाना सरळ, सावकाश ओढायचा. झटका द्यायचा नाही. कट् वाजलं का थांबायचं. काम झालं की पाना खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. त्या पान्यानं नट खोलायचे तर मुळीच नाही. एकदा मी तसं केलं तर दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलल्या नाहीत.

माझी एक सवय होती. कट् वाजल्यावर मी आणखी एक बारीकसा ओढा द्यायचो, मनाच्या समाधानासाठी. तुम्ही पाठ करून उभ्या असलात तरी तुम्हाला ते ऐकू यायचं.

"भाऊजी, दुसऱ्यांदा ओढला."

"थोडासाच."

"मंग तो पान्याचा आकडा नाई राह्यला. तो तुमचा अंदाज झाला."

माझा अंदाज वाईट नव्हता, हे तुम्हीही मानायच्या. एकदा आपण पैज लावून पाहिलं होतं. मी हातानं आवळायचं, तुम्ही नंतर पान्यानं तपासायचं. सकाळी सगळे नट बरोबर निघाले. जेवणाच्या वेळेला जे आवळले त्यातले बहुतेक फिरले. तुम्ही म्हणालात, "तुमचा हात उपाशी असला का ढिला पडते." सुनंदानं हे वाक्य इतक्या लोकांना सांगितलं की पुढे जेवायला उशीर झाला की गिऱ्हाईकच म्हणायचे, आधी जेवून या.

आता दिलीपच्या जीपची गोठ. ती आपण दोघं कधी पूर्ण बोललो नाही.

लग्नसराईचे दिवस होते. दिलीप ब्रह्मपुरी-कुरखेडा काळीपिवळी चालवायचा. दुपारी त्याची जीप दुकानासमोर आली, गच्च भरलेली. कुरखेड्याच्या पुढच्या एका गावी लग्न होतं आणि नवरीचा मामा तिचे दागिने घेऊन त्याच जीपमध्ये होता. समोरच्या डाव्या चाकातून ठकठक येते, नट आवळून द्या, असं दिलीप म्हणाला. तुम्ही पाना लावायच्या आधी चाक उतरवलंत. रिमची भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती. चाक ढिलं असतानाच जीप बरेच दिवस पळाली होती. दोन स्टडचे आटे खाल्लेले होते. स्टेपनीचं टायर फाटलेलं. त्यात बाजार बंदचा दिवस, सामानाची दुकानं बंद.

"हे जात नाई," तुम्ही म्हणालात.

"वहिनी, कसून द्या ना. उद्या बदलतो. देवाशप्पथ."

"काय कसू? धरायले जागाच नाई."

मामा खाली उतरला. मुहूर्त सांगायला लागला. दुसरी गाडी शोधली, पण त्या दिवसांत रिकामी गाडी कुठून मिळणार? बस गेलेली. मी चाक पाहिलं. तीन नट चांगले धरत होते. मी म्हटलं, मी बसवून देतो, दिलीपनं सावकाश न्यावं, मध्ये दोनदा थांबून पाहावं आणि टपावरची माणसं उतरवावी. तुम्ही त्या उतरवलेल्या चाकावर जाऊन बसलात. रस्त्यावर, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन.

जीपमधली एक म्हातारी गोंड बाई, कुरखेड्याकडचीच, खाली उतरली. सोबतच्या मुलीला गोंडीत काहीतरी म्हणाली आणि हसली. मग तुमच्याजवळ जमिनीवर टेकली आणि कमरेची तंबाखूची चंची काढून तुमच्यापुढे धरली. तुम्ही चिमूटभर घेतलीत. तंबाखू खाताना मी तुम्हाला तेवढंच पाहिलं.

"वहिनी, उठा," मी म्हटलं. "मी करतो ना. माझ्या हातावर सोडा."

तुम्ही मान वर केलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुमच्या हातावर माहा भरोसा नाई."

  मामानं हात जोडले. नवरी वाट पाहत असेल, एवढंच तो म्हणाला. तुम्ही त्याच्या हातांकडे थोडा वेळ पाहत राहिलात. मग उठलात, साडी झटकलीत. "माह्या हातानं नाई," म्हणालात आणि घरी निघून गेलात. लाल डबा सोबत नेलात.

मी चाक बसवलं. ते चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. तीन नटांवर, सावकाश, कच्च्या-पक्क्या रस्त्यानं जीप जाऊ शकते, हे मला माहीत होतं. तुमचं म्हणणं असं असतं की जाऊ शकते आणि जाईल यात फरक आहे. मला तेही माहीत होतं. पण लग्नाला निघालेल्या माणसांना रस्त्यावर उभं करून, चाकात दोष आहे म्हणून आता घरी जा, असं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुमच्यात होतं. यात कोण मोठं, हे मला ठरवता येत नाही.

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं. जेवलो नाही. सुनंदानं दिलीपला फोन लावून पाहिला. त्या गावी रेंज नसते. मी अंगणात खाट टाकून पडलो आणि रस्त्यावरून येणारं प्रत्येक वाहन ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दिलीप आला. जीप धड, माणसं धड. लग्न लागलं होतं. त्यानं मला बुंदीचा पुडा दिला आणि तुमच्यासाठी वेगळा दिला. "वहिनीले सांगा, पोचलो मनावं," म्हणाला. हसत होता, पण चिडवण्यासारखा नाही.

मी तुमच्याकडे आलो. तुम्ही तांदूळ निवडत होतात.

"पोचले सगळे," मी म्हटलं.

"बरं झालं." तुम्ही सूप खाली ठेवलंत. खरंच बरं वाटलं होतं तुम्हाला, ते मला दिसलं. मग म्हणालात, "तुमी रातभर झोपले नाई ना?"

 तुम्ही बुंदी खाल्लीत, मलाही दिलीत, आणि दुपारी लाल डबा घेऊन दुकानात आलात. जणू काही झालंच नव्हतं.

पुढे त्यावर आपण बोललोच नाही. दिलीपनं ती जीप सिरोंचाकडच्या कोणाला तरी विकली. रिम बदलून विकली की तशीच, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चाक निघालं असतं तर तुम्ही बरोबर ठरला असतात. पण तसं बरोबर ठरणं तुम्हाला नको होतं, एवढं मला त्या बुंदीच्या वेळी कळलं. राहिला तो भरोशाचा शब्द. तो रागात निघाला होता की खरा होता? मी किती वेळा विचारायचं ठरवलं. पाना पुसताना, चहा घेताना. दरवेळी एखादी गाडी यायची, नाहीतर मीच म्हणायचो, असू दे. घरातल्या घरात असे शब्द पडून राहतात. त्यावरून ये-जा करायची सवय होते.

नागपूरच्या दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर होतात. नाकाला नळी होती. मी जवळ बसलो. मला वाटलं आता बोलावं. तुम्ही हातानं खूण करून मला जवळ बोलावलंत.

"भाऊजी, दुकानातली ती पांढरी गाडी जॅकवर ठेवून तर नाई ना आले?"

"नाई. उतरवली. स्टँड काढले."

"बरं." डोळे मिटलेत. थोड्या वेळानं म्हणालात, "आता घरी जा. सुनंदा थकली." मी गेलो नाही, बाहेरच्या बाकावर बसलो. पहाटे दवाखान्यातल्यांनी मला आत बोलावलं, तेव्हा तुम्ही गेला होतात.

आपलं शेवटचं बोलणं जॅकबद्दल झालं. आधी मला त्याचं वाईट वाटलं. आता तेवढं वाटत नाही. तुम्ही मरणाबद्दल काही बोलला असतात, तर ते मला तुमचं वाटलं नसतं.

वैनगंगेच्या काठी बरीच माणसं आली होती. घुग्घुसहून तुमच्या वर्कशॉपमधली चौघं-पाच जणं भाड्याची गाडी करून आली. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा मेस्त्री मला म्हणाला, "शेवंताबाईनं आमाले लय तरास दिला." मग चितेवर एक लाकूड ठेवायला गेला. ती सिस्टरही आली होती, स्वतः गाडी चालवत. परत निघताना मी तिला म्हटलं, कधी काही लागलं तर फोन करा. ती म्हणाली, "लागत नाई आता. मीच बदलते चाक." चितेच्या धुरात उभं राहून ऐकायला ते बरं वाटलं.

तेरवी काल झाली. तुमच्या खोलीतलं फारसं काही हलवलं नाही. सुनंदा म्हणते घाई नको. मला तुमची आठवण येते ती रडू येण्यासारखी नाही. दुकानात दोन माणसांचं बोलणं असायचं, तिथे आता एकाचं आहे, आणि त्या एकाला दुसऱ्याचं म्हणणं पाठ आहे. मी कट् वाजल्यावर थांबतो. ओढावंसं वाटतं, तरी थांबतो. तुम्हाला घाबरून नाही. ती आता हाताचीच सवय झाली आहे.

आज सकाळी एका टेम्पोवाल्याचा फोन आला. गडचिरोलीकडून सरपण आणि बांबू आणतो तो. माल भरलेला आहे, मागच्या चाकाचा एक स्टड तुटला आहे, दुसरा वाकला आहे, येतो, कसून द्या, दुपारपर्यंत पोचायचं आहे. मी म्हटलं, कसून देणार नाही. माल उतरव, स्टड बदलू, मग जा. तो अर्धा दिवस जाईल म्हणाला. जाऊ दे, मी म्हटलं. त्यानं शेजारच्या दुकानाचं नाव घेतलं. तिकडे जायचं तर जा, मी म्हटलं, पण मी हात लावणार नाही.

 त्याच्यापर्यंत तुमची बातमी पोचली नव्हती.

"वहिनी बाजूले बसल्या आहेत का?" त्यानं विचारलं. "त्यायनं मना केलं का?"

तुम्ही गेलात हे सांगावं असं वाटलं, आणि सांगायला तोंडही उघडलं. पण त्यानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर वेगळं होतं.

"नाई रे," मी म्हटलं. "मीच मना करून राह्यलो."